मास स्पेकला पहिलं सँपल देण्याआधी

मी पुण्यातल्या एका युनिव्हर्सिटी लॅबमध्ये प्रोटीनवर काम करते. दरवर्षी नवीन पीएचडीवाले जॉइन झाले की तेच प्रश्न येतात, तेच सँपल त्याच कारणाने वाया जातात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या ट्यूबमागे कुणाचे तरी दोन-तीन महिने असतात. म्हणून जे सांगत असते ते सगळं एकदा लिहून ठेवतेय. मास स्पेक म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, मॉलेक्यूलचं वजन करणारं मशीन. आमचं ऑर्बिट्रॅप प्रकारचं आहे, पुढे नॅनो एलसी जोडलेली, म्हणजे बारीक नळीतून (कॉलममधून) सँपलमधले घटक वेगळे करून आत सोडणारं यंत्र, त्यामुळे मी त्याच सेटअपबद्दल बोलणार.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. मशीन फक्त त्याच मॉलेक्यूलचं वजन करतं ज्याच्यावर चार्ज आहे आणि जो द्रवातून सुटून आत गेलाय. हे काम इलेक्ट्रोस्प्रे करतो, सुईच्या टोकाला साधारण दोन हजार व्होल्ट देऊन द्रवाचे बारीक बारीक थेंब उडवायचे, ते सुकत जातात आणि शेवटी चार्ज झालेलं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा कापलेला तुकडा, उरतं. जॉन फेन यांना 2002 चं केमिस्ट्रीचं नोबेल यासाठीच मिळालं, त्यात कोइची तानाकाही होते, पण त्यांची पद्धत वेगळी, लेझरची. आता विचार करा, त्या थेंबात तुमच्या पेप्टाइडसोबत साबण, डिटर्जंट, मीठ असं काही असेल तर चार्ज आधी तेच खाऊन टाकतं, तुमचं पेप्टाइड ट्यूबमध्ये असूनसुद्धा मशीनला दिसत नाही. म्हणजे मशीन बिघडलेलं नसतं, सँपल घाण असतं.

मी स्वतः हे भोगलंय. पहिल्या वर्षी पेशी फोडायला जो बफर वापरला त्यात ट्रायटन नावाचं डिटर्जंट होतं, वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायची चाचणी) तोच बफर मस्त चालायचा म्हणून तसाच पुढे नेला. स्क्रीनवर शिडीसारखे पीक आले, एकसारख्या अंतरावर, प्रत्येकात 44 चा फरक. सीनियर ताईने लांबूनच बघून सांगितलं, हे पॉलिमर आहे, रन थांबव. 44 ची शिडी दिसली की समजायचं ट्रायटन, ट्वीन (तेही डिटर्जंट) नाहीतर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आत गेलंय, आणि पीईजी हँड क्रीममध्येही असतं बरं का. नंतर दोन दिवस कॉलम धुतला तरी ती शिडी ब्लँकमध्ये, म्हणजे सँपल न घालता केलेल्या रनमध्ये, दिसत होती, आणि त्या दोन दिवसांत ज्यांचा स्लॉट होता त्यांचंही काम अडकलं. तेव्हा डिटर्जंट वापरावंच लागलं तर मशीनवाल्यांना आधी विचारा, ते काढायच्या पद्धती आहेत. एसडीएस हे डिटर्जंट असेल तर जेलमध्ये प्रोटीन पळवून तिथेच डायजेस्ट करता येतं, म्हणजे एन्झाइमने त्याचे तुकडे करता येतात, पण सांगितलंच नाही तर कुणीच मदत करू शकत नाही.

दुसरा शत्रू केराटिन, म्हणजे आपली त्वचा, केस, कोंडा. ट्यूब उघडी ठेवून वर वाकून बोललात तरी आत पडतं. डिसेंबरात लोकरीचा स्वेटर घालून बेंचवर बसू नका, मेंढीचं केराटिन खरोखर रिझल्टमध्ये येतं. ग्लोव्ह्ज नायट्राइलचे, पावडर नसलेले. लेटेक्सचे नकोत, त्यात स्वतःची प्रोटीन्स असतात. आणि ग्लोव्ह्ज घालून मोबाइलला, दाराच्या हँडलला, केसांना हात लावला की ते ग्लोव्ह्ज गेले, बदला. टिपांचा डबा कायम झाकलेला. बाटल्या साबणाने घासायच्या नाहीत हे मावशींनाही नीट समजावून सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या प्रेमाने लखलखीत करून ठेवतात आणि महिनाभर सगळ्यांच्या रनमध्ये साबण. सॉल्व्हंटच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, वर चिकटपट्टी लावून लिहा, आणि आत एलसीएमएस ग्रेडचंच, म्हणजे याच मशीनसाठी खास शुद्ध केलेलं, पाणी.

आता डायजेशन. प्रोटीन 50 मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये घ्या, फॉस्फेट बफर नको. हे बायकार्बोनेट त्याच दिवशी बनवा, ठेवून दिलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया उडत राहतो आणि पीएच सरकतो. डीटीटीने प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध तोडायचे, मग ते परत जुळू नयेत म्हणून आयोडोअॅसिटामाइड अंधारात, ट्यूबला फॉइल गुंडाळून, तेही ताजंच, कारण ते उजेडात खराब होतं. मग ट्रिप्सिन, हे प्रोटीन कापणारं एन्झाइम, एकास पन्नास, म्हणजे 50 मायक्रोग्राम प्रोटीनला 1 मायक्रोग्राम, 37 डिग्रीला रात्रभर. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं म्हणून आपल्याला आधीच माहीत असतं तुकडे कुठले पडणार, सगळा सर्च, म्हणजे मिळालेली वजनं प्रोटीनच्या डेटाबेसशी जुळवणं, त्यावरच उभा आहे. सकाळी फॉर्मिक अॅसिड घालून थांबवा, पीएच पट्टीवर एक थेंब टाकून बघा, तीनच्या खाली आला पाहिजे, नाहीतर पुढे सी-18 वर (पेप्टाइड धरून ठेवणारा, मीठ जाऊ देणारा भराव) पेप्टाइड नीट चिकटणार नाही आणि वॉशमध्ये वाहून जाईल. तीव्र फॉर्मिक अॅसिड प्लास्टिकच्या टिपने ओढू नका, ते प्लास्टिकमधलं काही ना काही सोबत आणतं, काचेचं वापरा. मग सी-18 वर मीठ धुऊन काढायचं, 50 टक्के अॅसिटोनायट्राइल या सॉल्व्हंटने पेप्टाइड सोडवायचं, सुकवायचं, आणि 0.1 टक्के फॉर्मिक अॅसिडमध्ये परत विरघळवायचं. आम्हाला सी-18 ची पायरी गाळणाऱ्यांचा फार त्रास होतो, अर्धा तास वाचवायला जातात आणि सुईचं टोक मिठाने बंद करून ठेवतात.

व्हायलमध्ये, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या बाटलीत, भरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फुल स्पीडवर सेंट्रिफ्यूज, आणि वरचंच घ्यायचं, तळाला टिप लावायची नाही. नॅनो कॉलमची आतली जागा 75 मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी. एक कण पुरतो. व्हायलच्या तळाशी बुडबुडा अडकलेला असतो, नखाने टिचकी मारून वर काढा, नाहीतर सुई हवा ओढते आणि तुम्हाला वाटतं सँपलमध्ये प्रोटीनच नव्हतं.

क्यू, म्हणजे मशीनवरच्या रनचा क्रम, लावताना आधी ब्लँक, मग हेला डायजेस्ट (हेला नावाच्या मानवी पेशींच्या प्रोटीनचं तयार डायजेस्ट), परत ब्लँक, मग आपले सँपल. हेला कशाला, तर रोज तेच सँपल चालवल्यामुळे आज मशीन कसं आहे ते कळतं, प्रोटीनचा आकडा नेहमीपेक्षा पडला असेल तर आपलं मोलाचं सँपल लावायचंच नाही, आधी मशीन बघायचं. कंट्रोल सगळे आधी आणि ट्रीटेड सगळे नंतर असं कधीच लावू नका, मिसळून लावा, नाहीतर रात्रीतून सुईचं टोक जरा खराब झालं की तो फरक तुम्हाला औषधाचा परिणाम वाटेल. आणि ब्लँक उघडून बघा हो, लोक फक्त लावतात. ब्लँकमध्ये तुमचं प्रोटीन दिसतंय म्हणजे ते आधीच्या सँपलमधून राहिलेलं आहे, मग पुढच्या सँपलमधल्या त्याच प्रोटीनवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

स्क्रीनवर वजन भागिले चार्ज (m/z) दिसतं, त्यात 391.28 दिसलं तर तो प्लास्टिकमधला थॅलेट, 445.12 दिसलं तर हवेतलं सिलिकोन, हे दोन्ही थोडे कायम असतात, घाबरू नका. पेप्टाइड ओळखायचं तर एकाच पेप्टाइडच्या शेजारशेजारच्या आयसोटोप पीकमधलं (जड कार्बनमुळे येणारे, एकेक वजनाने वाढणारे पीक) अंतर बघा, अर्धं असेल तर चार्ज दोन, एक तृतीयांश असेल तर तीन. ट्रिप्सिनने कापलेली पेप्टाइड्स बहुतेक दोन-तीन चार्जची, आणि एकच चार्ज असलेले पीक भरमसाट असतील तर ती बहुतेक घाणच. सर्च करताना कंटॅमिनंटची यादी डेटाबेसला जोडा, नाहीतर गाईचं अल्ब्युमिन जाऊन माणसाच्या अल्ब्युमिनच्या नावावर बसतं, कारण पेशी वाढवायच्या सीरममधून ते आलेलंच असतं. एफडीआर, म्हणजे चुकीच्या ओळखींचं प्रमाण, एक टक्का ठेवा, आणि एकाच पेप्टाइडवर उभं असलेलं प्रोटीन गाइडला दाखवण्याआधी त्याचा स्पेक्ट्रम स्वतः डोळ्यांनी बघा.

पावसाळ्यात लाइट जाते. यूपीएस आहे, पण तो किती मिनिटं टिकतो हे मशीन सांभाळणाऱ्या दादांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा, कारण व्हॅक्यूम गेला की परत नीट खाली यायला रात्र जाते, कधी जास्तही. रोटरी पंपाचा आवाज ओळखीचा करून घ्या, तो बदलला की लगेच सांगा, रात्री अकरा वाजता फोन केला तरी दादा रागावत नाहीत, न सांगितल्यावर रागावतात. अॅसिटोनायट्राइल सिंकमध्ये ओतायचं नाही, वेस्टच्या बाटलीतच, ते विषारी आहे आणि पेटतं.

शुक्रवारी संध्याकाळी वीकेंडचा क्यू लावून निघताना डिस्कवर जागा किती उरलीय ते बघा, फाइलच्या नावात तारीख आणि आपलं नाव आहे ना ते बघा, वेस्टची बाटली रिकामी करा, आणि पहिल्या रनची पहिली दहा मिनिटं तिथेच खुर्ची ओढून बसा, स्प्रे स्थिर आहे असं दिसलं की मगच बॅग उचला.