घरी जोडायची लाकडी सायकल: सांगाडा कसा आखावा

माझ्या पहिल्या लाकडी सांगाड्यातली एकही फळी मोडली नाही. दगा दिला तो बोल्टांनी. दमट दिवसांत मी ते करकचून आवळले होते. हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं आणि पायडलवर जोर दिला की मागचं चाक डावीकडे कलायला लागलं. लाकूड धाग्यांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र ओल-सुकीप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. तेव्हापासून मी आखणीची सुरुवात जोडांपासून करते, आणि माझा पहिला नियम असा: बोल्टाने लाकूड दाबायचं नाही, धातूवर धातू दाबायचा.

त्यासाठी प्रत्येक भोकात धातूचा बुश, म्हणजे छोटी नळी, बसवा आणि त्याचं तोंड लाकडापेक्षा केसभर बाहेर ठेवा. दोन भाग जोडले की बुशाला बुश भिडतो आणि सगळा ताण त्यांच्यातून जातो. लाकूड मग कितीही फुगलं-आकसलं तरी जोड जागचा हलत नाही. बुश बसवायची रीत होड्या बांधणाऱ्यांची आहे. १० मिमीचा बुश असेल तर आधी १४ मिमीचं भोक पाडा, ते भुसा कालवलेल्या घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायचा पक्का गोंद) पूर्ण भरा, वाळल्यावर त्यातच पुन्हा १० मिमीचं भोक पाडा. भोकातून उघडे पडलेले धागे पाणी सर्वांत जास्त पितात. ते इपॉक्सीच्या कवचाने कायमचे झाकले जातात. काम कंटाळवाणं आहे, पण हेच टाळलं तर दोन वर्षांत भोकाभोवती काळं पडायला लागतं.

आता लाकडाचं काय करायचं आणि काय नाही. पुढचं चाक धरणारा चिमटा लाकडाचा करू नका. १८१७ साली कार्ल फोन ड्राइसने बनवलेलं पायडल नसलेलं दुचाकी यंत्र बहुतांश लाकडीच होतं, पण ते पायाने जमीन ढकलत चालवायचं. आजच्या वेगात चिमटा मोडला तर माणूस तोंडावर आपटतो. चिमटा पोलादी, तयार घ्या. जुन्या सायकलीचा सरळ आणि न गंजलेला मिळाला तर उत्तम. चाकं, क्रँक (पायडलचा दांडा), सीटही जुन्या सायकलीची चालतात, आणि पर्यावरणाच्या बचतीचा मोठा वाटा तिथेच आहे. फक्त ते सुटे भाग आधी हातात घ्या, व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायची सरकपट्टी) मोजा आणि मगच कागदाला पेन्सिल लावा. उलटं केलंत तर सांगाडा तयार होईल आणि चाक बसणार नाही.

चित्र पूर्ण आकाराचं काढा, भिंतीएवढ्या कागदावर. माझी मापं अशी: ६२२ मिमीची रिम आणि ३२ मिमीचा टायर, म्हणजे चाकाची त्रिज्या ३४३ मिमी. हँडलच्या नळीचा कोन ७२ अंश आणि चिमट्याचा पुढचा बाक ४५ मिमी घेतला, तर ट्रेल, म्हणजे हँडलच्या नळीची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, सुमारे ६४ मिमी येते. म्हणजे हँडल शांत राहतं, नवख्या माणसालाही भीती वाटत नाही. बीबी, म्हणजे पायडलच्या एक्सलची नळी, चाकांच्या मध्यरेषेपेक्षा ६५ मिमी खाली.

मधला गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या, असं अंग बनवते मी. फळी १८ मिमी, गाभा ३२ मिमी, फळी १८ मिमी: बेरीज ६८ मिमी, आणि बीबीच्या नेहमीच्या नळीची रुंदीही ६८ मिमीच असते. फळ्या मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या. त्याचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे तो दोन्ही दिशांनी फारच कमी हलतो, आणि त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. वजनाची धास्ती घेऊ नका. माझी एक फळी ०.१५ चौरस मीटर भरते, १८ मिमी जाडी आणि ६८० किलो प्रति घनमीटर घनता धरली तर सुमारे १.८ किलो.

मागचं चाक धरणारे दोन पाय हा सगळ्यात सुंदर भाग. त्यांना बाक हवा, कारण पुढे ते ६८ मिमीच्या अंगाला बाहेरून टेकतात आणि मागे हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी, उघडतात (माझ्या हबला ११० मिमी लागले). अखंड लाकूड कापून बाक काढला तर धागे मध्येच तुटतात आणि पाय तिथेच चिरतो. त्याऐवजी २ मिमीच्या आठ पट्ट्या गोंद लावून साच्यावर वाकवा. धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. साच्यातून काढल्यावर पाय थोडा उलगडतो, म्हणून साचा जरा जास्त बाकदार करा. मी जुन्या चौकटींचं सागवान वापरलं. ते चांगलं मुरलेलं असतं, पण खिळे शोधून काढल्याशिवाय रंधा मारू नका. सागवान तेलकट असतं. गोंद लावायच्या अगदी आधी पट्ट्या ॲसिटोनने पुसल्या नाहीत तर थर सुटतात.

हे पाय मी चेनच्या वरून नेते. त्यामुळे त्यांना चेनरिंग (क्रँकवरचं दातेरी चक्र) घासत नाही. क्रँक मात्र घासू शकते, म्हणून पुठ्ठ्याची क्रँक कापून चित्रावर फिरवून बघा आणि निदान ५ मिमी अंतर ठेवा.

ही सायकल सुट्या भागांत, खोक्यातून घेणाऱ्याच्या घरी जाते. म्हणून घरी काय पाठवायचं आणि कारखान्यात काय संपवायचं, हा आखणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. जिथे सरळपणा ठरतो, ते काम घरी जाऊ देऊ नका. अंग साच्यात गुण्या लावून चिकटवलेलं, बीबी आणि क्रँक बसवलेली, बुश भरलेले, एवढं झालेलंच खोक्यात भरा. घरी उरतात पाय, चिमटा, चाकं, चेन, सीट, हँडल.

मी खोकं भाच्यासमोर ठेवलं आणि तोंड न उघडता बसले. त्याने डावा पाय उजवीकडे लावला, आणि तो छान बसलासुद्धा! चूक माझी होती. आता डाव्या पायाच्या दोन बुशांत ६० मिमी अंतर आहे, उजव्याच्या ७०. चुकीचा पाय बसतच नाही. मग त्याने डावं पायडल जोर लावून फिरवलं आणि आटे खराब केले, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आता डाव्या पायडलवर आणि डाव्या क्रँकवर लाल ठिपका असतो, आणि सूचनांच्या कागदावर पहिली ओळ त्याचीच. हत्यारं दोनच: ५ मिमीची ॲलन की आणि १५ मिमीचा पाना. किती आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना घरी सहसा नसतो, म्हणून प्रत्येक एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टाखाली बशीसारखा स्प्रिंग वायसर देते. तो सपाट झाला की थांबायचं.

शेवटचा हात: बाहेरून इपॉक्सीचे दोन पातळ थर, त्यावर अतिनील किरण रोखणारं व्हार्निश, कारण उन्हात इपॉक्सी पिवळं पडून कमजोर होतं. गडद रंग देऊ नका. घरच्या तापमानात वाळवलेलं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि उन्हातली काळी फळी सहज तिथे पोचते. याचाच एक फायदा असा, की इपॉक्सीने बसवलेली बीबी उद्या बदलायची असेल तर गरम हवा मारून ती सोडवता येते. अंगाच्या सर्वांत खालच्या बिंदूला ६ मिमीचं भोक ठेवा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल.

बसण्याआधी चाचणी. सांगाडा चिमट्यावर आणि मागच्या एक्सलवर टेकवा, बीबीवर स्वाराच्या दुप्पट वजनाच्या वाळूच्या पिशव्या रात्रभर टांगा. सकाळी उतरवून पुढून मागे सुतळी ताणून बघा. वाक उरला असेल तर सांगाडा बाद. विकायची असेल तर एवढ्याने भागत नाही. सायकलींसाठीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या एका चाचणीत पायडलवरचा दाब १ लाख वेळा देतात.

पहिले ५० किमी झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि नाण्याने फळ्यांवर ठोकत जा. खणखणीत आवाजात मध्येच कुठे बद्द आवाज आला, तर तिथला थर सुटलाय.