ग्रामपंचायतीचं मतदान: एकाच फेरीत तीन-चार मतं

विधानसभेला एक बटण दाबलं की आपलं काम संपतं. ग्रामपंचायतीला तसं नसतं. महाराष्ट्रात एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि थेट सरपंचाची निवडणूक असली (2017 ला सुरू झाली, 2020 ला बंद, 2022 ला पुन्हा सुरू) तर त्याचं मत वेगळं. म्हणजे मतदाराला बहुधा तीन ते चार बटणं दाबायची असतात. घोळ होतो तो इथेच.

खरी तयारी मतदानाच्या दिवसाची नाहीच, प्रारूप यादीची (म्हणजे मतदारांच्या कच्च्या यादीची) आहे. ग्रामपंचायतीची यादी नव्याने बनत नाही. विधानसभेचीच यादी फोडून प्रभागवार केली जाते. या फोडणीत रस्त्याच्या अल्याडची चार घरं पल्याडच्या प्रभागात जातात, कधी नवरा एक नंबरला आणि बायको दोन नंबरला. प्रारूप यादी लागली की घरातली सगळी नावं तपासा आणि प्रभाग चुकला असेल तर मुदतीत लेखी हरकत तहसील कार्यालयात द्या, पोच घ्या. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर मात्र या हरकतीचा उपयोग नाही. त्यासाठी नमुना 6 (नाव नोंदणीचा अर्ज) आधीच भरलेला हवा. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, शहरातही आणि गावातही नाही.

आदल्या दिवशी तीन गोष्टी पक्क्या करा: प्रभाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक आणि आपल्या प्रभागात किती जागांसाठी मतदान आहे. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. एखादी जागा बिनविरोध झाली असेल तर ती यंत्रावर येतच नाही, आणि मग माणूस आत जाऊन नसलेली मतपत्रिका शोधत बसतो. पॅनेलवाले नमुना मतपत्रिका वाटतात, ती घरीच नीट बघून घ्या. या निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात. एकाच पॅनेलच्या माणसांना कपबशी, छत्री, शिट्टी अशी वेगवेगळी चिन्हं मिळालेली असू शकतात, त्यामुळे ‘आपलं चिन्ह एकच’ असं धरून आत गेलात तर फसाल. त्यात निम्म्या गावाचं आडनाव एकच. पूर्ण नाव आणि चिन्ह, दोन्ही बघा.

वेळ साधारण सकाळी 7.30 ते संध्याकाळी 5.30. गडचिरोली-गोंदियाच्या नक्षलग्रस्त भागात दुपारी 3 पर्यंतच. केंद्र बहुतेक झेडपीच्या शाळेत. शेतमजूर आणि ऊसतोडीची माणसं सकाळीच उरकून जातात, त्यामुळे पहिले दोन तास रांग लांब असते. ओळखीसाठी मतदार ओळखपत्र, आधार किंवा फोटो असलेलं दुसरं मान्य सरकारी ओळखपत्र न्या. उमेदवाराच्या टेबलावरची चिठ्ठी फक्त अनुक्रमांक सापडायला, ती ओळखपत्र नव्हे. मोबाईल घरी ठेवलेला बरा.

आत पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, कारण बाजूला बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना आपापल्या यादीत खूण करायची असते. मग शाई, सही किंवा अंगठा, आणि यंत्र सुरू. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी. सदस्यांची रंगावरून ओळखता येते: सर्वसाधारण पांढरी, अनुसूचित जाती फिकट गुलाबी, अनुसूचित जमाती फिकट हिरवी, नागरिकांचा मागास प्रवर्ग फिकट पिवळी. प्रत्येक मतपत्रिकेतून एकच बटण. दाबलं की नावापुढचा दिवा लागतो. एखाद्या जागेसाठी कुणीच नको असेल तर त्या मतपत्रिकेखालचं ‘नोटा’ दाबा, जागा तशीच सोडू नका. सगळ्या जागांची बटणं झाल्यावरच लांब ‘बीप’ वाजतो. तो ऐकल्याशिवाय आडोशातून बाहेर येऊ नका. वयस्कर मंडळी सरपंचाचं एक बटण दाबून निघतात, यंत्र अडकतं आणि केंद्राध्यक्षांना हाका माराव्या लागतात. चुकून दाबलेलं बटण परत घेता येईल असंही धरू नका. इथे बहुधा व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) नसतं, चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळू नका.

अंध किंवा फार अशक्त मतदाराला 18 वर्षांवरचा एक साथीदार नेता येतो, पण एका साथीदाराला दिवसभरात एकाच मतदाराची साथ करता येते. पॅनेलचा कार्यकर्ता पाचव्या आजीला घेऊन आला तर केंद्राध्यक्षांना सांगा.

गुप्ततेची भीती मात्र लहान गावातच जास्त असते. तीनशे-चारशे मतांच्या प्रभागात उमेदवार घरागणिक हिशेब मांडतो, कुणी भंडारा किंवा नारळ उचलून शपथ घ्यायला लावतो. मोजणीत वस्तीचा कल दिसतो हे खरं, पण कुठल्या माणसाने कुठलं बटण दाबलं हे यंत्र सांगत नाही. शपथेपुरती मान डोलवावी आणि आत आपलं आपण ठरवावं, असं आमचं मत.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडत बसू नका, परतही फिरू नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ मागा. ते यंत्रावर होत नाही, कागदी मतपत्रिकेवर होतं आणि वेगळ्या पाकिटात बंद राहतं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर कामी येतं. आणि वेळ संपताना रांगेत असाल तर जागा सोडू नका: शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, चिठ्ठी हातात असलेल्या प्रत्येकाचं मतदान होतंच.