लसूणघास, गिरिपुष्प आणि पहाटेचे दव: थंडीच्या महिन्यांतील द्विदल चाऱ्याबाबत सल्ला

दिवाळी सरली, सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताची मळणी आटोपली, की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या गोठ्यांत एकच प्रश्न असतो: आता पाऊस येईपर्यंत हिरवे काय घालायचे? डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागते. पेंढा आहे, पण नुसत्या पेंढ्यावर दूध टिकत नाही. मग ज्याच्याकडे बावीचे किंवा कालव्याचे पाणी आहे तो लसूणघास पेरतो, कोणी अळसांद्याचा (चवळीचा) वेल काढणीनंतर गुरांना घालतो, कोणी कुंपणाचा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) छाटतो. तिन्ही द्विदल, तिन्ही प्रथिनांनी भरलेले. आणि द्विदल म्हटले की पानांत आणखीही काही द्रव्ये आलीच, झाडाने किडीपासून आणि रोगापासून स्वतःला वाचवायला साठवलेली. कोणते द्रव्य कधी बाधते हे ठाऊक असेल तर घाबरायचे कारण नाही.

आधी लसूणघासाचे, कारण पेरणीचे दिवस हेच आहेत. हे इराण आणि मध्य आशियाकडच्या कोरड्या थंडीत वाढलेले पीक. आपल्या जांभ्याच्या आंबट मातीत ते सहज रुजत नाही. माती तपासून घ्या आणि अहवालाप्रमाणे चुना पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा. पाणी साचणारी जागा नको, खाजन म्हणजे खाडीकाठची खारी सखल शेते तर नकोच. गुंठ्याला पाव किलो बियाणे, त्याला रायझोबियम जिवाणूखत चोळून, एक फुटाच्या ओळींत. पहिली कापणी साधारण 50 ते 60 दिवसांनी, पुढच्या 25 ते 30 दिवसांच्या अंतराने.

आता पोटफुगीचे, जे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत पहाटे घास कापला, दवाने चिंब होता. रात्रभर उपाशी असलेल्या गायीपुढे तसाच टाकला आणि दूध घालायला गेलो. परत आलो तेव्हा तिची डावी कूस ढोलासारखी ताठ झाली होती, जीभ बाहेर होती, रवंथ बंद. डॉक्टर वेळेत पोहोचले म्हणून ती वाचली.

झाले होते ते असे. कोवळ्या लसूणघासाच्या पानांतली प्रथिने पोटात फार लवकर विरघळतात आणि फेस धरतात. पानांतली सॅपोनिनेही फेस करणारीच, पण मुख्य काम त्या प्रथिनांचे. एरवी गाय ढेकर देऊन वायू बाहेर टाकते. फेसात अडकलेला वायू ढेकरेने निघत नाही, पोट फुगत जाते आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. म्हणून आता माझ्या गोठ्यात क्रम ठरलेला आहे. सकाळी आधी पेंढा. घास दव उडाल्यावर कापायचा, सावलीत चार-पाच तास सुकू द्यायचा, कुट्टी करून पेंढ्यात मिसळायचा. नव्या जनावराला पहिल्या दिवशी दोन-तीन किलोच, पुढे आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा. फुले दिसू लागल्यावर कापलेला घास कोवळ्यापेक्षा सुरक्षित असतो. दहा झाडांत एखाद्याला फूल आले की विळा लावा.

तरीही पोट फुगलेच तर आधी गुरांच्या डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत गाय पुढचे पाय उंचावर येतील अशी चढावर उभी करा. तोंडात आडवी काठी बांधली तर लाळ सुटते आणि फेस मोडायला मदत होते. पाव लिटर गोडेतेल थोडे थोडे पाजा, पण मान वर खेचून धरू नका, तेल श्वासनळीत गेले तर दुसरेच संकट. सुई किंवा सुरी खुपसण्याचे काम डॉक्टरांचेच. फेस असला की भोकातूनही वायू नीट सुटत नाही.

युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये लोटस आणि सेनफॉइन नावाचे थंड हवेतले द्विदल चारे आहेत. ते खाऊन जनावराचे पोट फुगत नाही. कारण त्यांच्या पानांत संघनित टॅनिन असते, हिरव्या फणसाचा किंवा कच्च्या काजूबोंडाचा जो तुरटपणा जिभेला लागतो त्याच जातीचे. पोटाच्या पहिल्या कप्प्यात हे टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून फेस होत नाही. पुढे चौथ्या कप्प्यातल्या आम्लात ते प्रथिने सोडून देते आणि ती गायीच्या अंगी लागतात. सुक्या वजनाच्या 2 ते 4 टक्के टॅनिन असेल तेव्हा हे गणित जमते, त्याहून बरेच वाढले की जनावर खाणे कमी करते. लसूणघासाच्या पानांत हे टॅनिन जवळजवळ नसतेच.

पण म्हणून त्यांचे बियाणे मागवू नका. पणजीत जानेवारीतली रात्र साधारण 20 अंशांची, ती झाडे याहून पुष्कळ थंड हवेची. आपल्याकडे फणसाचा पाला आहे, त्यात टॅनिन आहे आणि शेळ्या तो आवडीने खातात. घासाच्या जोडीला थोडा घाला, पोटभर नको.

गिरिपुष्पाकडे मात्र नीट लक्ष द्या. छाटलेल्या पाल्याचा ढीग थोडा सुकला की एक गोड वास येतो, तो कौमारिन या द्रव्याचा. अगदी हाच वास थंड देशांतल्या मेलिलोटस या मेथीच्या भावकीतल्या चाऱ्याला असतो. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात शिंगे काढताना, खच्ची करताना जनावरांचे रक्त थांबेना आणि ती मरू लागली. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यांनी कारण शोधले: ओलसर साठवून बुरशी आलेला मेलिलोटस. बुरशी कौमारिनचे डायकौमेरॉल करते आणि ते रक्त गोठू देत नाही. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने ते वेगळे केले आणि त्याच कामातून 1948 मध्ये वॉरफरिन हे उंदरांचे औषध बाजारात आले. आज काही हृदयरुग्ण रक्त पातळ ठेवायला तेच घेतात.

चांगल्या सुकलेल्या पाल्यात हा धोका नाही, धोका ओलाव्याचा आणि बुरशीचा आहे. आणि गोव्याच्या हवेत ओलावा कमी कधी असतो? म्हणून गिरिपुष्पाचा ढीग गोठ्याच्या कोपऱ्यात दाबून ठेवू नका. ताजा पाला गुरे नाकारतात, तेव्हा पातळ पसरून एक दिवस सुकवा आणि संपेल एवढाच छाटा. एकूण हिरव्या चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. पांढरी-हिरवी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर तो पाला माडाच्या आळ्यात टाका, खत होईल. गाभण गायीला तो चुकूनही नको. जनावराच्या अंगावर सूज आली, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लहान जखमेतून रक्त थांबेना, तर डॉक्टरांना पाला दाखवा.

शेवटी कालवडींविषयी. क्लोव्हर हाही थंड हवेतला द्विदल चारा. लाल क्लोव्हरमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या एका क्लोव्हरमध्ये मादीच्या संप्रेरकासारखी द्रव्ये असतात. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यामुळे मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ झाल्या. गायींना त्रास मेंढ्यांपेक्षा कमी. पण लसूणघासातही कुमेस्ट्रॉल नावाचे असेच द्रव्य असते, आणि पानांवर ठिपके पडले किंवा मावा आला की ते वाढते. असा रोगट घास रेतन करायच्या गायी-कालवडींना घालू नका, तो कापून टाका आणि पुढचा फुटवा निरोगी येऊ द्या. माज परत परत येत असेल आणि रेतन टिकत नसेल, तर त्या आठवड्यांत काय घातले होते ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. मी रेतनाच्या तारखेसमोरच चारा लिहितो.