निळ्या दिव्याविना: ठाणे-नवी मुंबईत दुचाकीवरून रक्त पोहोचवताना

ब्रिटनमधल्या ‘ब्लड बाइक’चे, म्हणजे रक्त पोहोचवणाऱ्या स्वयंसेवकांच्या मोटारसायकलींचे, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि रक्तवाहतुकीचा नवा गट सुरू झाला की पहिली खरेदी ठरते ती ऑनलाइन मिळणाऱ्या चमकत्या निळ्या दिव्याची. ती करू नका. तिकडचेही बहुतेक स्वयंसेवक निळा दिवा न लावता, सिग्नलला थांबून, वेगमर्यादा पाळून काम करतात. आपल्याकडे तर खासगी दुचाकीवर तो दिवा लावणं सरळ बेकायदेशीर आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ दिव्यांविषयी आहे. लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, कायदा-सुव्यवस्थेसाठी पोलीस, सैन्यदलं व निमलष्करी दलं, आणि आपत्ती व्यवस्थापन एवढ्याच कामांसाठी नेमलेल्या वाहनांना मिळतो. रुग्ण वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिकेच्या दिव्याची तरतूद त्याच नियमात वेगळी आहे. रक्ताची पिशवी नेणारी स्कूटर यापैकी कुठेच बसत नाही, मग पिशवी कितीही तातडीची असो. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवेसुद्धा उतरले, तेव्हा ‘समाजसेवा करतोय’ या कारणावर सूट मिळेल अशी आशा धरू नये. सायरनचं तेच. नियम ११९ प्रमाणे वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न खासगी वाहनाला चालत नाही.

दिवा बसवला तर दंड फक्त दिव्याचा होत नाही. गाडीत परवानगीशिवाय फेरफार केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंडाची तरतूद असलेलं कलम १९४इ तुमच्या मदतीला येत नाही, कारण ते अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका आणि राज्य सरकारनं ठरवून दिलेल्या वाहनांसाठी आहे. तुमच्यासाठी रस्ता मोकळा करायला समोरचा बांधील नाही, आणि सिग्नल तोडला तर कलम १८४ तुम्हालाही इतरांसारखंच लागू होतं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची सवयही सोडा. त्यानं मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार हेच कळत नाही.

आता हिशेब पाहा. कळव्याहून वाशीपर्यंतचं अंतर २० किलोमीटर धरू. सरासरी ३० च्या वेगानं ४० मिनिटं लागतात, जिवावर उदार होऊन ४० ची सरासरी गाठली तर ३०. वाचली दहा मिनिटं. उलट रुग्णालयाच्या मागणीपत्रकावर ‘सुनीता पाटील’ आणि त्यासोबत न्यायच्या रुग्णाच्या रक्ताच्या सॅम्पलच्या नळीवर ‘सुनीता आर. पाटील’ असं असेल तर रक्तपेढी ते सॅम्पल घेत नाही, आणि घेऊही नये. मग परत रुग्णालय, नवं सॅम्पल, पुन्हा रक्तपेढी. दीड तास गेला. क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का हे तपासायला, पाऊण ते एक तास लागतो तो वेगळाच. म्हणजे वेळ वाचवायची जागा काउंटर आणि फोन ही आहे.

निघण्याआधी

प्रत्येक फेरीला दोन माणसं लागतात: एक गाडीवर, एक फोनवर. फोनवाल्यानं आधी रक्तपेढीला विचारायचं की हा रक्तगट, हा घटक (तांबड्या पेशी, प्लेटलेट की प्लाझ्मा), इतक्या पिशव्या आत्ता आहेत का. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर रक्तपेढ्यांचा साठा दिसतो, पण तो आकडा शिळा असू शकतो, म्हणून फोन हवाच. मग वॉर्डमधल्या सिस्टरना मागणीपत्रकाचा आणि नळ्यांच्या लेबलांचा फोटो पाठवायला सांगा. रुग्णाचं पूर्ण नाव, आयपीडी (दाखल रुग्णाचा) क्रमांक, वय, रक्तगट, हवा असलेला घटक, पिशव्यांची संख्या, डॉक्टरांची सही व शिक्का हे सगळं पत्रकावर, आणि नाव व क्रमांक अक्षरशः तसेच नळीवर. जांभळ्या आणि लाल टोपणाच्या दोन्ही नळ्या लागतात का, हे त्या रक्तपेढीलाच विचारा. नळीवर लेबल रुग्णाच्या खाटेजवळच लागलं पाहिजे. ते लावायचं किंवा दुरुस्त करायचं काम तुमचं नव्हे, कितीही घाई असली तरी. काम झालं की ते फोटो दोन्ही फोनवरून काढून टाका.

पैशाला हात लावू नका. प्रक्रिया शुल्क नातेवाइकांनी थेट रक्तपेढीला भरायचं. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना ते माफ असतं, हे बऱ्याच नातेवाइकांना ठाऊक नसतं; फोनवाल्यानं विचारून घ्यावं. तुम्ही स्वतः पेट्रोलपुरतेही पैसे घेऊ नयेत असं आमचं ठाम मत आहे. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीवर मोबदला घेतला की तो व्यावसायिक वापर ठरू शकतो. दुचाकीच्या विमा पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असतात. भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर तर त्यात वगळलेला असतोच, पण बहुतेकदा ‘नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर मालवाहतूक’ हीसुद्धा वगळलेली असते. रक्ताची पिशवी यातल्या कशात बसते, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. अपघातानंतर विचारून उपयोग नाही. १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असतं, त्यामुळे मित्राची स्कूटर मागून फेरी मारू नका.

रुग्णालयाच्या लेटरहेडवर एक अधिकारपत्र सोबत ठेवा: तुमचं नाव, गाडीचा क्रमांक, काम काय, संपर्क कोणाशी. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत. कळवा ठाण्यात, विटावा ओलांडून दिघा-ऐरोलीकडे गेलात की नवी मुंबई. म्हणून या पत्राची प्रत दोन्हीकडच्या वाहतूक शाखांना आधीच देऊन ठेवा. त्यानं सूट मिळत नाही. अडवल्यावर बोलणं दोन मिनिटांत संपतं, एवढाच त्याचा फायदा, आणि तो पुरेसा आहे.

दिसण्यासाठी प्रकाश परतवणारं पिवळं जॅकेट आणि डब्यावर ‘रक्त वाहतूक’ अशी मोठी अक्षरं बास. लाल क्रॉसचं चिन्ह मात्र लावू नका. जिनिव्हा करार कायदा, १९६० प्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरायला मनाई आहे. रुग्णालयं, औषधांची दुकानंही सर्रास लावतात, म्हणून ते कायदेशीर होत नाही.

डबा

सर्वाधिक रक्त इथेच खराब होतं. पॅक्ड सेल, म्हणजे तांबड्या पेशी, २ ते ६ अंशांत साठवतात आणि वाहतुकीत १० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. प्लेटलेटना २० ते २४ अंश लागतात, बर्फ अजिबात नको. प्लाझ्मा उणे ३० अंशांत गोठवलेला असतो, पण बहुतेकदा रक्तपेढी तो वितळवूनच देते आणि मग तो थंड डब्यातून न्यायचा. गोठलेलाच न्यायचा असेल तर पिशवी काचेसारखी ठिसूळ असते. घोडबंदर रोडच्या दोन खड्ड्यांत तडा जातो आणि तो वितळल्यावरच कळतो. बबलरॅपचे दोन पदर आणि डब्याच्या तळाशी दोन सेंटीमीटर फोम द्या.

म्हणून डबे दोन हवेत, रंग वेगळे. एकाच डब्यात मध्ये पुठ्ठा घालून सेल आणि प्लेटलेट नेणं हा जुगाड नको.

दोन-तीन पिशव्यांसाठी साधारण १० लिटरचा, जाड भिंतीचा डबा पुरतो. आत पाण्यानं भरलेले, लसीकरणाच्या डब्यात असतात तसे ४०० मिलीचे चार आइसपॅक. फ्रीझरमधून काढून लगेच ठेवले तर त्यांना टेकलेल्या पेशी गोठतात आणि फुटतात. असं रक्त रुग्णाला देणं धोक्याचं असतं. पॅक बाहेर ठेवा, घाम सुटू द्या, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की डब्यात घाला. जेलच्या पॅकमध्ये हा आवाज येत नाही, म्हणून पाण्याचेच बरे. पॅक आणि पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा, आणि वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरचं टोक दोन पिशव्यांच्या मध्ये.

पहिल्या खऱ्या फेरीआधी चाचणी घ्या. फ्रिजमध्ये थंड केलेल्या ३०० मिली पाण्याच्या दोन पिशव्या डब्यात ठेवून भर दुपारी गाडीवर दोन तास फिरवा, दर १५ मिनिटांनी तापमान लिहा. २ च्या खाली गेलं तर पॅक कमी गोठलेले वापरा किंवा पुठ्ठा वाढवा, १० च्या वर गेलं तर डबा बदला. मे महिन्यात आणि जानेवारीत ही चाचणी वेगवेगळी घ्यावी लागते.

स्कूटरच्या सीटखालची डिकी रिकामी दिसते म्हणून डबा तिच्यात ठेवायचा मोह होतो. तिच्याखाली इंजिन असतं. मागे पक्क्या बोल्टनं बसवलेली टॉप बॉक्स वापरा आणि तिच्यावर लिहिलेली वजनमर्यादा पाळा. प्लेटलेटचा रिकामा डबा निघण्याआधी एसीच्या खोलीत ठेवा, नाहीतर उन्हात तापलेला थर्मोकोल आतल्या आत पिशवी शेकत बसतो.

रस्ता

अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे आणि पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये वाहन ‘दुचाकी’ निवडलं नसेल तर ते बिनदिक्कत तिकडे पाठवतं. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं. तेव्हा पूर्व द्रुतगती महामार्गानं मुलुंडला जाऊन ऐरोली पुलावरून या.

आणि संध्याकाळी माजिवडा, कापूरबावडी तुंबलेलं असेल तर गाडी ठेवा आणि ट्रान्स-हार्बर लोकल पकडा. ठाणे ते वाशी अर्ध्या तासाच्या आसपास. डबा मांडीवर, वरच्या फळीवर नाही. वाशीला दुसरा स्वयंसेवक गाडी घेऊन उभा. निळा दिवा लावलेली कोणतीही मोटारसायकल गर्दीच्या वेळी याहून फारशी पुढे जात नाही.

रुग्णाची स्थिती खरोखर मिनिटांवर आली असेल तर ती फेरी तुमची नव्हेच. रुग्णालयानं आपली रुग्णवाहिका पाठवावी. प्रत्यारोपणाच्या अवयवांसाठी वाहतूक पोलिसांच्या समन्वयानं ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे मोकळा ठेवलेला रस्ता, होतो, त्यात स्वयंसेवकाला जागा नसते.

घेताना, देताना

काउंटरवर तंत्रज्ञ वाचेल आणि तुम्ही पाठोपाठ मोठ्यानं वाचा: पिशवीचा क्रमांक, गट, मुदत, रुग्णाचं नाव. हे तिन्हीकडे जुळलं पाहिजे: पिशवी, क्रॉसमॅच अहवाल, वितरण पावती. गळती, गाठी किंवा विचित्र रंग दिसला तर तिथेच सांगा. निघाल्याची वेळ लिहा आणि फोनवाल्याला कळवा, म्हणजे तो वॉर्डला सांगेल.

पिशवी थंडाव्याबाहेर ३० मिनिटांहून जास्त राहिली तर रक्तपेढी ती परत साठ्यात घेत नाही. म्हणून रुग्णालयाच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे डबा सोडून निघायचं नाही. वॉर्डच्या किंवा ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरच्या हातात द्या, तापमान व वेळ लिहून सही घ्या. वाटेत तापमान १० च्या वर गेलं असेल तर ते लपवू नका, वॉर्ड आणि रक्तपेढी दोघांना सांगा. पिशवी वापरायची की नाही हे ते ठरवतील.

पिशवी फुटली तर डबा उघडून पुसत बसू नका. झाकण लावून, हातमोजे घालून, दुहेरी प्लास्टिक पिशवीत रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचरा विभागाकडे द्या.

परतल्यावर डबा धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवा. बंद ठेवला की बुरशी धरते. आइसपॅक पूर्ण गोठायला घरच्या फ्रीझरमध्ये जवळजवळ एक दिवस लागतो, तेव्हा एका डब्यामागे पॅकचे दोन संच ठेवा.