रब्बी ज्वारी पेरताय? आधी ओलीचा हिशोब मांडा

पोळा झाला की फोन सुरू होतात, यंदा ज्वारीचा वाण कुठला टाकू. मला विचाराल तर वाणाच्या आधी जमीन किती खोल आहे ते दोन-चार ठिकाणी कुदळीनं खणून बघा, कारण परतीचा पाऊस सोडला तर ही ज्वारी सगळी जमिनीतल्या ओलीवरच येते. आता ती ओल पीक कधी वापरतं यावरच पुढचा सगळा खेळ आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला अँड्र्यू बोरेल म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी कित्येक वर्षं स्टे-ग्रीन ज्वारीवर काम केलंय, म्हणजे फुलोऱ्यानंतर पाऊस नसला तरी जिची पानं हिरवी राहतात ती. हा गुण मूळचा इथिओपियाच्या ज्वारीतला. त्यांना दिसलं ते असं की ही झाडं सुरुवातीलाच काटकसर करतात, फुटवे कमी, वरची पानं लहान, त्यामुळं फुलोऱ्याआधी पाणी कमी उडतं आणि उरलेलं दाणे भरताना मिळतं. आपल्या जवळ, हैदराबादशेजारी पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत विन्सेंट वाडेझ आणि मंडळींनी मातीनं भरलेल्या उंच पाईपात झाडं वाढवून, पाईपांची वजनं करून पाणी मोजलं, तिथंही दाणे भरायच्या वेळी मिळालेलं पाणीच उत्पादनाला जास्त कामी आलं. पण हा गुण प्रत्येक वाणात सारखा उतरत नाही हां, त्यामुळं स्टे-ग्रीनचं नाव सांगून कुणी महागडं बी गळ्यात मारत असेल तर आधी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते आहे का बघा.

आपण शेतात काय करायचं? तर पिकाला सुरुवातीला उधळपट्टी करू द्यायची नाही. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, बी एकरी ४ किलो बास, दोन ओळीत ४५ सेंटिमीटर, दोन रोपात १५, आणि दाट झालं तर विरळणी कराच. दाट पेरलं की कडबा बारीक होतो, जनावर आवडीनं खातं हे खरंय, पण कोरडवाहूत तेच दाट पीक डिसेंबरात ओल संपवून बसतं आणि कणसं पोचट राहतात.

हलक्या जमिनीत फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यममध्ये फुले सुचित्रा नाहीतर आपली मोहोळची मालदांडी, भारी काळ्या रानात फुले वसुधा, फुले यशोदा. फुले रेवती पाणी असेल तरच. पेरायच्या आधी बियाला गंधक किलोला ४ ग्रॅम चोळा, काणी, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी होणारा रोग, येत नाही. खोडमाशीचा त्रास असेल तर थायामेथोक्झामची बीजप्रक्रिया पण करून घ्या. कोरडवाहूत नत्र सगळं पेरणीबरोबरच दोन चाड्याच्या पाभरीनं (एका चाड्यातनं बी, दुसऱ्यातनं खत) द्या, मध्यम जमिनीत हेक्टरी ४० किलो, म्हणजे युरिया एकरी साधारण ३५ किलो. नंतर वरनं फेकलेला युरिया कोरड्या मातीत नुसता पडून राहतो.

आणि कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं वरवर हलवणं. लोक तण दिसलं तरच कोळपं काढतात, तसं करू नका. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. ही तिसरी लय महत्त्वाची, कारण तोवर काळं रान भेगाळायला लागतं आणि भेगांतनं खोलवरची ओल उडून जाते, दातेरी कोळप्यानं त्या बुजतात. तण नसलं तरी ही करा, मजुरी जास्त वाटली तरी करा. विहिरीला एकच पाणी देण्याइतका साठा असेल तर तो पीक पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस वरच्या पानाच्या आवरणात फुगेपर्यंत, ५० ते ५५ दिवसांपर्यंत राखून ठेवा, त्याआधी पानं दुपारी जरा मलूल दिसली म्हणून घाई नको, संध्याकाळी परत उभी राहतात का तेवढं बघा.

दाणे भरताना पाण्याचा ताण बसला की खडखड्या रोग येतो, ताट बुडातनं पोकळ होऊन आडवं पडतं. तेव्हा औषध मारून काही होत नाही, दुकानदार देईल पण घेऊ नका. ताटं पडायला लागलीत आणि दाणा टणक झालाय असं दिसलं की काढणीला थांबू नका, पडलेली कणसं आधी वेगळी काढा आणि त्यातलं बी पुढच्या सालाला ठेवू नका.