शिक्षकांच्या संपाआधी डिस्ट्रिक्टमध्ये काय चालतं : कॅलिफोर्नियात नव्याने सब होणाऱ्यांसाठी

एच-फोर ईएडी, म्हणजे एच-वन-बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना, हातात आलं की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) बऱ्याच मराठी बायका पहिली नोकरी धरतात ती शाळेत सब्स्टिट्यूट टीचरची, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी वर्ग घेणाऱ्या 'सब'ची. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन, बोटांचे ठसे, टीबीची चाचणी, सब म्हणून शिकवण्याचं इमर्जन्सी परमिट, हे सगळं कुणीही सांगेल. सब म्हणून लागलात आणि डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, संपाचं वारं वाहू लागलं तर काय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मी आधी सब होते, नंतर एका डिस्ट्रिक्टच्या एचआर ऑफिसात टेंपररी क्लार्क. त्यामुळे संपाआधीची तयारी दोन्हीकडून पाहायला मिळाली.

आपल्याकडच्या संपाचा हिशेब इथे लावू नका. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी संप झाला तो राज्यभर आणि थेट सरकारशी. इथे शिक्षकांचा करार होतो तो त्या त्या डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डाशी. हद्दीचा रस्ता ओलांडला की पलीकडची शाळा रोजच्यासारखी चालू. राज्य बदललं की कायदाही बदलतो. न्यूयॉर्कमध्ये टेलर कायद्याने सरकारी नोकरांना संपाची बंदी आहे आणि संपाच्या एका दिवसापायी दोन दिवसांचा पगार कापला जातो. कॅलिफोर्नियात संप करता येतो, पण सहसा सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावरच.

वाटाघाटी अडल्या की 'इम्पास' जाहीर होतो, मग राज्याचा मध्यस्थ येतो. त्यानेही जमलं नाही तर फॅक्ट-फाइंडिंग, म्हणजे वादाची चौकशी करणारी समिती: दोन्ही बाजूंचा एकेक माणूस आणि एक तटस्थ अध्यक्ष. त्यांचा अहवाल कुणावरच बंधनकारक नसतो, पण तो आला की संपाची वाट मोकळी होते. संपासाठी मतदान झालं की व्हॉट्सॲपवर 'उद्यापासून शाळा बंद' सुरू होतं. तसं नसतं. मतदान म्हणजे टेबलावर ठेवलेला हुकमाचा पत्ता. तो न टाकताच पुष्कळदा डाव मिटतो. तुम्ही फॅक्ट-फाइंडिंगच्या तारखेवर लक्ष ठेवा.

शाळा उघडी ठेवायची का, हे ठरतं संपावर कोण जातंय त्यावरून. जानेवारी 2019 मध्ये लॉस एंजेलिसचे तीस हजारांहून जास्त शिक्षक शाळेचे सहा दिवस बाहेर होते, तरी ऑफिसातले अधिकारी आणि सब वर्गांवर पाठवून शाळा उघड्या ठेवल्या होत्या. मार्च 2023 मध्ये तिथेच बसचालक, कॅफेटेरियावाले, सफाई कामगार आणि स्पेशल एज्युकेशनचे मदतनीस संपावर गेले आणि शिक्षकांनी त्यांना साथ दिली. तेव्हा शाळा तीन दिवस सरळ बंद. उघडं ठेवण्याची धडपड नुसत्या पालकांसाठी नसते. राज्याचं अनुदान मुलांच्या सरासरी हजेरीवर ठरतं आणि वर्षाचे 180 दिवस भरावे लागतात.

आता ऑफिसातलं. मला वाटलं होतं सगळा वेळ वकिलांच्या बैठकांत जाईल. गेला तो याद्यांमध्ये. कुठल्या शाळेत कोणत्या मुलाला दुपारी इन्सुलिन लागतं, कुणाचं एपिपेन (तीव्र ॲलर्जीवर लगेच द्यायचं इंजेक्शन) कुठल्या कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली संपाच्या दिवशी कुणाकडे. आयईपी (विशेष गरजांच्या मुलासाठी आखलेला स्वतंत्र शिक्षण आराखडा) असलेल्या मुलांची जबाबदारी संप असला तरी सुटत नाही, म्हणून ती फाइल वेगळी आणि सर्वांत जाड. आमच्याकडे एक दुपार फक्त दुधावर गेली. ट्रक चालवणारे टीमस्टर्स या चालकांच्या युनियनचे, ते पिकेट लाइन, म्हणजे गेटवरची संपकऱ्यांची रांग, ओलांडत नाहीत. मग फ्रिजशिवाय टिकणाऱ्या दुधाचे खोके आधीच मागवून कोठारात रचले. कॅलिफोर्नियात 2022 पासून प्रत्येक मुलाला शाळेत दोन वेळचं खाणं मोफत आहे, आणि काही मुलांचं पोट त्यावरच भरतं. म्हणून शाळा बंद राहिली तरी पाकिटं वाटण्याची जागा ठरवून ठेवतात.

अभ्यासाचं म्हणाल तर, खरं सांगायचं तर तो नावापुरता. इयत्तेप्रमाणे झेरॉक्सचे गठ्ठे, चार वर्ग मिळून एका हॉलमध्ये. शिक्षक संपाआधी स्वतःच्या पैशाने घेतलेली पुस्तकं, पोस्टर, गालिचे खोक्यांत भरून घरी नेतात. भिंती बोडक्या दिसायला लागल्या की समजावं, लोक गंभीर आहेत.

तुमचा खरा प्रश्न फोनवर येतो. फ्रंटलाइनवर, म्हणजे सबची कामं वाटणाऱ्या ॲपवर, संपाच्या दिवसांची कामं झळकतात, दर नेहमीपेक्षा बराच चढा. घ्यावीत का? कायद्याने तुम्हाला कुणी अडवत नाही. माझं मत विचाराल तर त्याच शाळांमध्ये पुढे टिकायचं असेल तर घेऊ नका. सबला काम कोण देतं? शिक्षिका. ती आपल्या पसंतीच्या यादीत तुमचं नाव घालते, म्हणून ते मिळतं. लाल टीशर्ट घालून सकाळी सातला गेटवर उभ्या असलेल्या त्याच बाईंसमोरून तुम्ही आत गेलात की ते नाव राहीलच असं नाही. दुसरीकडे, घरभाडं थकलेलं असेल तर कुणी कुणाला शहाणपण शिकवू नये. माझ्या ओळखीच्या दोघी आत गेल्या, त्यांच्याशी माझं आजही उत्तम आहे.

काही डिस्ट्रिक्टमध्ये सबही युनियनमध्ये असतात. तसं असेल तर सगळं गणितच बदलतं. हे आणि आणखी दोन गोष्टी एचआरला ईमेलवरच विचारा, तोंडी नको: महिन्याला किमान इतकी कामं घ्यायलाच हवीत अशी अट आहे का, आणि आधी घेतलेलं काम संपाच्या दिवशी पडलं तर ते सोडल्याचा ठपका येतो का. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्येही नाव नोंदवून ठेवा, म्हणजे तेवढे दिवस तिथे काम मिळतं.

आणि संप ऐन वेळी टळू शकतो. समझोता रात्री उशिरा होतो, मेसेज पहाटे येतो, आणि घेतलेलं काम रद्द होतं. रद्द झालेल्या दिवसाचे पैसे मिळतात की नाही, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.