बिस्मथ सेलेनाइडच्या सूक्ष्मपट्ट्यांतील पृष्ठभागीय प्लाझमॉन कसा ओळखावा

बिस्मथ सेलेनाइड हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर आहे: अशा पदार्थाचा गाभा विद्युतरोधक असतो आणि पृष्ठभागावर मात्र वस्तुमानरहित असल्यासारखे वागणारे इलेक्ट्रॉन वाहतात. या इलेक्ट्रॉनांचे सामूहिक दोलन म्हणजे पृष्ठभागीय प्लाझमॉन. त्यामुळे अशा पदार्थाच्या वर्णपटात दिसलेले प्रत्येक शिखर पृष्ठभागाच्या खात्यावर मांडले जाते, आणि तेच टाळण्यासाठी मोजणीची आखणी आधीपासून काटेकोर हवी.

प्रथम ऊर्जेचा पल्ला ठरवावा. बिस्मथ सेलेनाइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनांना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा) सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास ४ मायक्रोमीटर तरंगलांबीइतका आहे. दृश्य प्रकाशात गाभ्याचेच शोषण वरचढ ठरते, म्हणून शोध टेराहर्ट्झ (दूर-अवरक्त) पल्ल्यात घ्यावा. फिल्म ६ नॅनोमीटरपेक्षा पातळ नसावी. त्याखाली वरच्या व खालच्या पृष्ठभागांच्या अवस्था एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यातच गॅप उघडतो. सेलेनियमच्या रिक्त जागांमुळे गाभ्यातही इलेक्ट्रॉन येतात, तेव्हा हॉल मापनाने (चुंबकीय क्षेत्रात निर्माण होणाऱ्या आडव्या विद्युतदाबावरून) त्यांची घनता आधीच नोंदवावी.

सपाट फिल्मवर पडणारा प्रकाश प्लाझमॉन उद्दीपित करू शकत नाही, कारण दोघांचे संवेग जुळत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी फिल्मच्या काही मायक्रोमीटर रुंदीच्या समांतर पट्ट्या कोराव्यात. विद्युतक्षेत्र पट्ट्यांना लंब ठेवले की प्लाझमॉन दिसतो, समांतर ठेवले की मुक्त वाहकांचा नेहमीचा प्रतिसाद मिळतो. दोन्ही ध्रुवणांतील पारगमन मोजून कोऱ्या आधाराच्या पारगमनाने भागावे. सुमारे २ टेराहर्ट्झजवळचा प्रबळ फोनॉन (स्फटिकातील अणूंचे कंपन) प्लाझमॉनशी गुंततो आणि दोन्ही शिखरे सरकवतो. म्हणून शिखराची जागा नुसत्या नजरेने न वाचता फानो रूपाच्या, म्हणजे अशा गुंतलेल्या शिखरांचा असममित आकार मांडणाऱ्या, सूत्राने काढावी.

हेच मापन वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्यांवर करावे. फोनॉनचा परिणाम वगळल्यावर वारंवारता रुंदीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलली, म्हणजे रुंदी चौपट केल्यावर निम्मी झाली, तर वाहक द्विमितीय आहेत. येथे घाईने निष्कर्ष काढू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: हवेत राहिलेल्या नमुन्याच्या पृष्ठभागाजवळ बँड (ऊर्जापट्टे) वाकून साधा, वस्तुमानयुक्त इलेक्ट्रॉन-थरही साचतो आणि तोही हाच नियम पाळतो. खरा भेद घनतेतून कळतो. डिरॅक इलेक्ट्रॉनांची, म्हणजे वर सांगितलेल्या वस्तुमानरहितासारख्या इलेक्ट्रॉनांची, प्लाझमॉन-वारंवारता पृष्ठघनतेच्या चतुर्थमुळाप्रमाणे वाढते, साध्या इलेक्ट्रॉनांची वर्गमुळाप्रमाणे; म्हणून रुंदी तीच ठेवून गेटच्या (फिल्मपासून विद्युतरोधकाने वेगळ्या ठेवलेल्या इलेक्ट्रोडच्या) विद्युतदाबाने घनता बदलावी आणि शिखर किती सरकते ते पाहावे.